सुटी बॅटरी

बाळासाहेबांची सिगारेट सोडवायची, हा कौमुदीचा हट्ट आई होती तेव्हापासूनचा. आई गेली, हट्ट तेवढा उरला. अकोल्याच्या डॉक्टरांनी बाळासाहेबांच्या छातीचा फोटो उजेडासमोर धरून मान हलवली आणि लेकीला फोनवर सांगितलं, "यांना तुमच्याकडे घेऊन जा. इथे एकटे राहिले तर दिवसभर ओढत बसतील." कौमुदीने लगेच तिकीट काढलं.

बाळासाहेब अकोल्याच्या एका शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. फळ्यावर खडूने एका दमात पूर्ण गोल काढायचे आणि पोरांकडे वळून म्हणायचे, "लावून पाहा कंपास." आता आयर्लंडमधल्या स्वोर्ड्स गावी लेकीच्या घरी जिना चढताना मध्येच थांबून कठड्याला धरायचे. भाड्याच्या घरात धूम्रपानाला मनाई होती. म्हणून ते मागच्या अंगणात कचऱ्याच्या डब्यांपाशी उभे राहायचे. वाऱ्याने छत्री उलटी व्हायची, काडी विझायची, पण माणूस हटायचा नाही. कौमुदी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहायची. तिचा नवरा अनीश म्हणायचा, "अगं, या वयात कशाला त्यांच्या मागे लागतेस?" आईलाही लोक हेच म्हणायचे.

शेवटी तिच्या ऑफिसातल्या एकीने व्हेपचं, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या सिगारेटचं, सुचवलं. एका शनिवारी कौमुदी वडिलांना मेन स्ट्रीटवरच्या दुकानात घेऊन गेली. काउंटरवर जांभळ्या केसांची एक मुलगी होती. तिने काचेखालून मुठीएवढी काळी डबी काढली. वर तोंडात धरायची नळी, पुढे बटण, बाजूला व्होल्टेज कमी-जास्त करायची चकती.

"हे काय व? फुकाची पुंगी हाय का ओढाची?" बाळासाहेबांनी विचारलं.

"ओढायची, बाबा. ती काय सांगते ते नीट ऐका."

मुलगी सांगत गेली, कौमुदी मराठी करत गेली. सुरुवात सगळ्यात कमी व्होल्टेजवर करायची. हवा तेवढा धूर आला नाही तरच चकती थोडी पुढे सरकवायची.

"आन् एकदम वाढवलं तं?"

"आतली तापणारी तार असते ना, कॉइल, ती जळते. जळक्या कापसाची चव येते तोंडात."

नवी कॉइल बसवली की तिच्या कापसावर निकोटीनच्या द्रवाचे थेंब सोडायचे आणि तो मुरेपर्यंत थांबायचं. बॅटरी तिच्याच चार्जरवर चार्ज करायची, चार्जिंगला लावून झोपायचं नाही. तिच्यावरचं प्लॅस्टिकचं वेष्टन फाटलं तर ती वापरायची नाही, दुकानात आणून द्यायची. आणि बोलता बोलता त्या मुलीने जास्तीची बॅटरी एका छोट्या प्लॅस्टिकच्या डबीत घातली, डबी काउंटरवर दोनदा आपटली आणि थेट बाळासाहेबांकडे बघून बोलली.

"ती म्हणते, सुटी बॅटरी खिशात कधीच ठेवायची नाही. किल्ल्या, नाणी लागली तर पेट घेते. कायम या डबीत."

"हाव. हिले सांग, म्या जिंदगीभर पोट्टे शिकवले. एकदा सांगतलं का समजते मले."

मुलीला ते सांगितल्यावर ती हसून म्हणाली, "ग्रँड!" 'झकास'च्या जागी वापरायचा तो इथला शब्द बाळासाहेबांना फार आवडला. घरी येईपर्यंत ते अनीशला, शेजाऱ्याला, मांजराला ग्रँड म्हणत होते.

आणि खरोखरच पहिले काही आठवडे सगळं ग्रँड होतं. सिगारेटी कमी झाल्या, मग बंदच झाल्या. बाळासाहेब पुंगी फार निगुतीने वापरत. कॉइल बदलायची तर टेबलावर वर्तमानपत्र अंथरत, चष्मा नाकावर ओढत, कापसावर एकेक थेंब सोडत आणि हाताची घडी घालून मुरायची वाट बघत बसत. एके दिवशी ते न थांबता जिना चढून वर आले आणि बेडरूमच्या दारात उभे राहून म्हणाले, "पाहाय." कौमुदीने लॅपटॉप बंद केला. त्या रात्री तिने अकोल्याच्या डॉक्टरांना मेसेज पाठवला आणि बऱ्याच दिवसांनी स्वस्थ झोपली.

पण चाळीस वर्षांची तलफ चकतीच्या एवढ्याशा पायरीवर भागेना. बाळासाहेब व्होल्टेज वाढवू लागले. कॉइल जळू लागल्या. घराला करपल्या साखरेसारखा वास येऊ लागला. जास्त व्होल्टेजवर बॅटरी लवकर उतरायची, म्हणून दुसरी सतत जवळ लागायची. कौमुदीने चकती मागे फिरवून ठेवली की संध्याकाळपर्यंत ती पुन्हा पुढे गेलेली असायची.

"बाबा, आपलं काय ठरलं होतं?"

"मी सिगारेट ओढून रायलो का? नाही ना? मंग."

ते सिगारेट खरंच ओढत नव्हते. आणखी एक अडचण होती, ती मात्र तिला उशिरा कळली. बॅटरीच्या डबीचं झाकण फार घट्ट होतं. बाळासाहेबांची बोटं संधिवाताने आखडलेली. ते झाकण दातांनी उघडत आणि लेकीला दिसू नये म्हणून पाठ फिरवून उघडत.

मे महिन्यातला एक रविवार. ऊन पडलं होतं आणि इथे ऊन पडलं की माणसं घरात थांबत नाहीत. अनीश कामावर होता. कौमुदीने वडिलांना घाई केली, "चला बाबा, ढग यायच्या आत नदीकडच्या बागेत जाऊन येऊ." बाळासाहेब चार्जरपाशी काहीतरी खुडबुडत होते. ते आले, पायात बूट सरकवले. तिने दार ओढून कुलूप लावलं. तिच्या कपड्यांना खिसा नव्हता.

"किल्ल्या ठेवा तुमच्याकडे."

त्यांनी त्या पँटच्या उजव्या खिशात टाकल्या.

बागेत पोरं चेंडू खेळत होती. दोघं नदीच्या कडेने सावकाश चालत होते. बाळासाहेब एका वाकड्या झाडाकडे बोट दाखवून त्याची सावली कशी काढावी ते सांगत होते. मध्येच थांबले. "कौमे, काहीतरी पोळून रायलं व," ते म्हणाले. आणि त्यांच्या मांडीपाशी कुकरची शिटी अडकावी तसा आवाज झाला.

खिशातून पांढरा धूर आला, मग ज्वाळा. बाळासाहेबांनी काय पेटलंय ते बघायला हात आत घातला. त्यांनी तो बाहेर काढला तेव्हा मुठीतून धूर निघत होता आणि मूठ उघडत नव्हती. कौमुदी ओरडली. मराठीत ओरडली की इंग्रजीत, तिला नंतर आठवेना. तिने त्यांचा पट्टा सोडवायचा प्रयत्न केला, पण बकल हातातून निसटत राहिलं. तिने ओढणीने आग झोडपली. ओढणीला भोकं पडली. आपले वडील आपल्यासमोर जळताहेत आणि आपले दोन्ही हात मोकळे आहेत, एवढंच तिला कळत होतं.

कुत्रा घेऊन चाललेली एक बाई धावत आली. तिने बाळासाहेबांना सरळ ढकलून नदीच्या उथळ पाण्यात बसवलं आणि त्यांचा हात पाण्याखाली धरला. "कापड ओढू नकोस, चिकटलंय ते. पाण्यात राहू दे. ॲम्ब्युलन्सला फोन लाव." कौमुदीने फोन लावला. पलीकडून पत्ता विचारत होते आणि तिला आपण कुठे आहोत तेच सांगता येईना. शेवटी त्या बाईने फोन घेतला. बाळासाहेब पाण्यात बसून थरथरत होते आणि लेकीला म्हणत होते, "काही नाही व, काही नाही. रडू नको."

हॉस्पिटलात डॉक्टरांनी खिशात बॅटरीबरोबर काही धातूचं होतं का, असं विचारलं.

"किल्ल्या," कौमुदी म्हणाली.

डॉक्टरांनी मान डोलावली. बाळासाहेबांना प्रश्न समजला होता. त्यांनी लेकीकडे पाहिलं आणि छताकडे नजर वळवली. कोणाच्या हातून किल्ल्या आल्या तो विषय त्यांनी कधीच काढला नाही. त्यांनी एकदा काढला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं.

मांडीवर त्वचारोपण करावं लागलं. उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन बजावलं, "आता तंबाखू अजिबात नको, कुठल्याच रूपात. लावलेली त्वचा धरणार नाही. फुप्फुसंही आधीच थकलेली आहेत." ते बाहेर पडल्यावर आतून बाळासाहेबांनी हाक मारली. "कौमे, एक सिगारेट आणून दे ना व."

तिने नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशीही नाही म्हटलं. ते रागावले, भिंतीकडे तोंड करून पडले. तिने भरवलेला घास त्यांनी थुंकून टाकला. नर्स येऊन समजावून गेली. अनीश म्हणाला, "थोडे दिवस सहन कर." मग एका दुपारी कौमुदी आली तर ते उठून बसले होते आणि रडत होते. आई गेली तेव्हाही ते तिच्यासमोर रडले नव्हते.

"मले हातच नाही राह्यले," ते म्हणाले. "गोल काढता येत नाही, घास खाता येत नाही. एक झुरका मारतो, मंग काहीच मागत नाही तुले. तुह्या आईची शपथ."

तिने त्यांना व्हीलचेअरवर बसवलं, अंगावर ब्लँकेट घातलं आणि गेटबाहेर नेलं. तिथे बसथांब्याजवळ दोन-तीन रुग्ण गाऊनवर कोट चढवून ओढत उभे होते. तिने त्यांच्यातल्या एकाकडे सिगारेट मागितली. त्याने ती पेटवून दिली. बाळासाहेबांना ती धरता येईना. कौमुदी त्यांच्यासमोर वाकली आणि तिने स्वतः सिगारेट त्यांच्या ओठांशी नेली. ते ओढत, ती बाजूला घेई, ते खोकत, पुन्हा तोंड पुढे करत. खोकला थांबेना तेव्हा तिने विचारलं, "पुरे?" त्यांनी मान हलवली. पुरे नव्हतं. तिने पुन्हा हात पुढे केला.

त्वचा धरली, पण एका कडेला नाही. तिथे पुन्हा कापावं लागलं. सिगारेटमुळे की काय, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. उजव्या हाताची दोन बोटं वाकेनाशी झाली. ऑगस्टच्या शेवटी बाळासाहेब हट्टाने परत गेले. विमानतळावरचा माणूस व्हीलचेअर ढकलत त्यांना आत घेऊन गेला. सुरक्षा तपासणीच्या रांगेत त्यांनी मागे वळून डावा हात उंचावला आणि मग ते माणसांमध्ये दिसेनासे झाले.

आता ती रोज संध्याकाळी फोन करते. अकोल्यात तेव्हा जेवणं झालेली असतात.

"सोडली का बाबा?"

"हाव व. कवाचीच सोडली."

तिकडे काडी ओढल्याचा आवाज होतो. मग एक लांब श्वास, आणि त्याच्यामागे खोकला. कौमुदी खोकला थांबेपर्यंत फोन कानाशी धरून बसते.

"बरं," ती म्हणते. "जेवलात का?"