धावणाऱ्याने आधी बसायचं

पकडून आणलेला चोर भिंतीला टेकून उभा, आणि समोर काठी घट्ट धरलेल्या फौजदारबाई. ठाण्यात हे दृश्य नवं नाही.

बाईंनीच त्याचा पाठलाग केला होता. भर बाजारात पाय घसरून त्या भाजीच्या टोपल्यांत पडल्या, लोक फिदीफिदी हसले, तरी उठून खरचटलेल्या गुडघ्यानिशी त्यांनी त्याला गाठलंच. आता हिसकावलेला फोन टेबलावर होता, चोर मुकाट उभा होता. धोका उरला नव्हता. तरी काठीवरची मूठ सैल होईना.

"काय रे, आता का नाही पळत?"

त्याने मान खाली घातली. त्यांना तेही उर्मटपणाचं वाटलं. काठी वर गेली.

"मॅडम, पाणी." म्हातारे हवालदारकाका ग्लास घेऊन मध्येच उभे राहिले.

"नंतर, काका. बाजूला व्हा."

"हा काही उडून जात नाही. दाराला कडी मीच घातलीय."

"लोक हसले माझ्यावर!"

"मग मार या एकट्यानेच का खायचा? सगळा बाजार आणू का धरून?" आणि मग आवाज खाली आणून, "पोरी, तुझ्या वडिलांनी इथे काय शिस्त लावली होती?"

त्यांना ठाऊक होतं. जो धावून पकडेल, त्याने आरोपीची चौकशी करायची नाही. ती दुसऱ्याने करायची. धावणाऱ्याने आधी खुर्चीवर बसून पाणी प्यायचं. वडील याच ठाण्यात जमादार होते. त्यांना जाऊन महिनाही झाला नव्हता, आणि त्यांची शिस्त मोडायला निघाली होती त्यांचीच लेक!

"आपल्याला वाटतं, आपण रागाने मारतो," काका म्हणाले. "जमादार म्हणायचे, आधी भीती असते. धोका संपला हे डोळ्यांना लगेच कळतं, अंगाला उशिरा. त्यात चारचौघांत फजिती झालेली. मग हात शिवशिवतात, आणि आपण त्याला कर्तव्य म्हणतो."

बाईंनी काठी त्यांच्याकडे दिली आणि त्या बसल्या. ओठांना लावलेला ग्लास दातांवर खडखडला. हात थरथरत होता! इतका वेळ त्या ज्याला संताप समजत होत्या, ते हे होतं.

चौकशी शेजारच्या खोलीत दुसऱ्या फौजदारांनी केली. चोराच्या अंगावर ओरखडाही उठला नाही.

"काका, बाबांचा हात थरथरायचा?"

"तर! म्हणून तर स्टीलचा ग्लास. काचेचे फोडून झाले होते त्यांचे."

बाई हसल्या. मग उरलेलं पाणी त्याच ग्लासातून सावकाश प्यायल्या.

पोलिसाला भीती वाटत नाही, असं आपण नागरिक धरून चालतो, आणि त्याने दोन फटके हाणले की शाबासकीही देतो. ती शाबासकी चुकीच्या हाताला जाते. स्वतःची भीती ओळखून जो हात वेळेवर खाली येतो, शूर तोच!