फुकट दिलेला वजीर

शिंप्याने दीडशे वर्षांपूर्वीचा एक डाव पुस्तकातून पटावर मांडला होता. डाव एकोणीस चालींचाच, पण त्याच्या मते त्या शतकात धड झालेली गोष्ट तेवढीच. खाटीक मेहुण्याच्या तोंडून आज ‘वाहवा’ काढायचीच, असा त्याने चंग बांधला होता.

पांढऱ्याने दोन्ही हत्ती दिले तेव्हा मेहुणा नुसता गुरगुरला. अठराव्या चालीला पांढऱ्याने वजीरही देऊन टाकला.

“वजीर फुकट? दाजी, हा खेळतोय की दानधर्म करतोय?”

“अक्कल असती तर दिसलं असतं तुला.”

मेहुण्याने पट उचलून दाजींच्या कपाळावर हाणला. पट दुभंगला, कपाळही फुटलं. शिंपी सुसंस्कृत असल्यामुळे त्याने कात्रीला हात लावला नाही; इस्त्री उचलली. मेहुण्याचा पुढचा दात जमिनीवर पडला.

रक्त टपकत असतानाच शिंप्याने पटाचे तुकडे जुळवून डाव आठवणीतून पुन्हा लावला. पांढरा उंट काही सापडेना, म्हणून त्याच्या घरात तो दात ठेवला.

“आता तूच शेवटची चाल कर.”

मेहुणा तोंडावर फडकं दाबून बराच वेळ बघत राहिला. मग त्याने आपला दात तिरका सरकवला. काळ्या राजाला हलायला एकही घर उरलं नाही.

“वाहवा, दाजी,” तो फडक्याआडून म्हणाला. “काय मारलाय!”