सुनेचं प्रेशर, सासूचं पथ्य

अठ्ठावन्न सालची गोष्ट. थेरगावच्या शालनबाई वर्षभर सुनेशी भांडल्या नव्हत्या, आणि त्यापायी त्यांचा जीव अगदी मेटाकुटीला आला होता.

सून रंभा, विशीतली पोर, तिचं डोकं सारखं ठणकायचं. चिंचवडच्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून सांगितलं, ब्लडप्रेशर फार चढलंय. घरानं परस्पर अर्थ लावला, राग चढलाय! रंभा तापट होतीच. मग काय, तिला कुणी दुखवायचं नाही असं ठरलं. भाकरी करपो, आमटी खारट होवो, सासूनं ‘झ्याक झालीया’ म्हणायचं. रंभानं हा थाट मजेत उपभोगला, पण डोकं ठणकायचं काही थांबेना. एक दिवस तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ती चुलीपाशीच कोसळली. पोर हातची जाते की काय, या धास्तीनं शालनबाईंच्या घशाखाली घास उतरेना.

रंभाचा नवरा भैरू पिंपरीच्या कारखान्यात नुकताच लागला होता. त्यानं दोघींना पुण्याच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांना पोटावर नळी ठेवताच सूं-सूं आवाज आला. त्यांनी शिरेत औषध टोचून पोटाचे एक्स-रे फोटो काढले.

“रागाचा काही संबंध नाही,” ते म्हणाले. “डाव्या मूत्रपिंडाची रक्तवाहिनी अरुंद झालीय. त्याला रक्त पुरत नाही, म्हणून ते सगळ्या अंगाचा दाब वाढवतंय.”

“म्हंजी पाट गाळानं भरला की शेवटच्या वाफ्याचा धनी पान्यासाठी बोंबलून समद्या गावाला जागं करतो, तसंच की!” शालनबाई म्हणाल्या.

“अगदी तसंच. पण तो वाफा आता पार सुकलाय. दुसरं मूत्रपिंड चांगलं आहे, हे काढून टाकू.”

ऑपरेशन झालं. शालनबाईंनी आठवेल त्या देवाला नवस बोलून ठेवला. दाब उतरला, डोकं ठणकायचं थांबलं आणि रंभा घरी आली.

महिन्याभरानं तिनं सासूच्या हातच्या आमटीचा भुरका मारला. “आत्याबाई, ही आमटी हाय का म्हशीचं आंबोण?”

शालनबाईंच्या तोंडून वर्षभराचं तुंबलेलं सगळं बाहेर पडलं. रंभानंही कसर ठेवली नाही. प्रेशर पुन्हा चढणार म्हणून भैरूची पाचावर धारण बसली. तो सायकल दामटत चिंचवडला गेला आणि डॉक्टरांना घेऊन आला, तरी भांडण चालूच होतं. रंभा तशी रागात असतानाच डॉक्टरांनी तिच्या दंडाला पट्टा बांधला.

“एकशेवीस. एकदम ठीक.”

शालनबाई हसता हसता रडायला लागल्या. “म्हंजी ह्यो राग दुखन्याचा न्हाई, पोरीचा सोताचा हाय! देवा, पावलास रं बाबा!”

मग त्यांनी डोळे पुसले आणि पदर खोचला.

“हां, तर काय म्हनत हुतीस गं माझ्या आमटीला?”