शेजारच्या घरापर्यंत

फेब्रुवारीतल्या त्या सोमवारी सहावीचा वर्ग धुराने भरला होता. दलदलीतून कापून वाळवलेल्या, जळण म्हणून वापरायच्या मातीच्या विटा शेगडीसाठी प्रत्येक मुलीने घरून आणायच्या असत, आणि त्या दिवशी बहुतेकींच्या ओल्या निघाल्या होत्या. सिस्टर कोलमन डोळे पुसत फळ्यावर आयर्लंडच्या नद्या काढत होत्या.

बॅलिनरो गावातल्या कॉन्व्हेंटच्या शाळेत त्या एकोणीस वर्षं शिकवत होत्या. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलगी शॅनन नदी कुठे उगम पावते हे झोपेतही सांगे. त्यांचं मूळ नाव डीलिया गेराटी. गावातल्या आम्हा मोठ्या माणसांना ते ठाऊक होतं, पण त्या नावाने त्यांना कोणी हाक मारत नसे.

दहाच्या सुमाराला त्यांचा भाऊ मार्टिन आल्याचा निरोप आला. भेटायच्या खोलीत नियमाप्रमाणे सिस्टर अँथनी सोबतीला बसल्या. मार्टिन टोपी गुडघ्यावर ठेवून खुर्चीच्या कडेला टेकला.

"आई आता उठत नाही," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, फार तर आठवडा. सारखं तुझं... तुमचं नाव घेते, सिस्टर."

"मदरना विचारते."

"आपली धाकटी केटी बॉस्टनला गेली, ती दोनदा येऊन गेली. तू तीन मैलांवर आहेस."

सिस्टर अँथनी खिडकीकडे पाहू लागल्या.

कॉन्व्हेंटच्या प्रमुख मदर बेनिग्नस कठोर नव्हत्या. त्यांचे स्वतःचे वडील गेले तेव्हा त्याही गेल्या नव्हत्या, आणि हे त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं. ननने एकदा बापाचं घर सोडलं की पुन्हा त्याचा उंबरा ओलांडायचा नाही, आजारात नाही, मरणातही नाही. नियम त्यांनी केला नव्हता. त्यांनी आशीर्वादाची एक मेणबत्ती मात्र दिली. मार्टिनने ती कोटाच्या आत घातली आणि सायकल काढली.

सिस्टर कोलमन वर्गात परतल्या व त्यांनी राहिलेल्या नद्या काढल्या.

दर शनिवारी दोघी दोघी नन गावातल्या आणि आसपासच्या आजाऱ्यांना भेटायला जात. त्या शनिवारी सिस्टर कोलमन आणि सिस्टर अँथनी यांच्या वाट्याला म्हातारा डर्कन आला. डर्कनचं घर गेराटींच्या घराला लागून होतं, मध्ये एक काटेरी कुंपण, तेही एका जागी गुरांनी मोडलेलं. सिस्टर कोलमननी म्हाताऱ्याची उशी सारखी केली, त्याला दोन घोट चहा पाजला, प्रार्थना म्हटली. म्हातारा त्यांना दर वेळी पोस्टातली बाई समजे.

डर्कनबाई चुलीपाशी उभी राहून सगळं बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"आमच्या म्हाताऱ्याला तुमची ओळखही नाही, त्याला तुम्ही भरवता. पलीकडे आई दाराकडे डोळे लावून पडलीय. त्या मोडक्या कुंपणातून जा ना. मी का बिशपला पत्र लिहिणार आहे?"

सिस्टर अँथनी उठल्या. "मी जरा अंगणात उभी राहते," त्या म्हणाल्या. "मला इथलं काही दिसणार नाही."

त्या खरंच बाहेर जाऊन पाठ करून उभ्या राहिल्या.

सिस्टर कोलमन मागच्या दारापर्यंत गेल्या. आईच्या घरातून धूर निघत होता. कोणीतरी बादली आपटली. त्या वेळी त्यांच्या मनात काय आलं, ते मी सांगायला जावं की नाही, मला कळत नाही. त्यांनी स्वतः पुढे एवढंच सांगितलं की, सोमवारी मुलींना काय तोंड दाखवू, असं वाटलं. एकोणीस वर्षं त्यांनी मुलींना शिकवलं होतं की, कोणी बघत नसताना पाळतो तोच नियम.

त्यांनी दार लावलं. डर्कनबाईला म्हणाल्या, "चहा निवला, दुसरा करा."

मंगळवारी आई गेली.

ननच्या आईबापाची अंत्ययात्रा कॉन्व्हेंटच्या फाटकापाशी थोडी थांबवायची आणि मुलीने खिडकीतून बघायचं, ही आमच्याकडची रीत. गुरुवारी आम्ही सगळे तिथे टोप्या काढून उभे होतो. वर सहावीच्या वर्गाच्या खिडकीत काळी आकृती दिसली. आत मुली प्रार्थना म्हणत होत्या, कोणासाठी ते त्यांना सांगितलं नव्हतं. 'केवढा त्याग,' असं माझ्या शेजारी कोणी म्हणालं आणि आम्ही माना डोलावल्या. मीही डोलावली.

सिस्टर कोलमनना पुढे त्यातलं एकच आठवत असे: शवपेटी उचलणाऱ्यांपैकी एकाच्या कोटाचं बटण चुकीच्या काजात होतं.

सोमवारी मार्टिनची मुलगी ऊना वर्गात आली. ती सहावीतच होती. आत्याला ती इतर मुलींसारखी सिस्टर म्हणे. गैरहजेरीची चिठ्ठी तिने टेबलावर ठेवली: आजी वारल्यामुळे.

सिस्टरांनी वाचलं, हजेरीत खूण केली.

"आजी दाराकडे तोंड करून निजायची, सिस्टर," ऊना हळू आवाजात म्हणाली. "कूस बदलू द्यायची नाही."

"जागेवर बस."

मग मार्च गेला, एप्रिल गेला. शाळा चालली होती. सिस्टर कोलमन वेळेवर उठत, जेवत, शिकवत. हातावर छडी बसावी आणि हात आपला नसावा, तसे ते दिवस होते.

दर मे महिन्यात सहावीच्या शिक्षिकेने, कोणत्या मुली नन व्हायला योग्य आहेत, त्यांची नावं मदरना द्यायची असत. सिस्टर कोलमनच्या निवडीला मान होता. त्यांच्या वर्गातल्या अकरा मुली नन झाल्या होत्या. या वर्षी त्यांनी कागद कोराच दिला.

"योग्य कोणी नाही का?" मदर बेनिग्नसनी विचारलं.

"आहेत. मी देणार नाही."

दुसऱ्या दिवशी मदर स्वतः वर्गात आल्या आणि त्यांनी गोड शब्दांत विचारलं, देवाची हाक कोणाकोणाला ऐकू येते? सात हात वर गेले. त्यात ऊनाचा होता.

सिस्टर कोलमननी खडू खाली ठेवला.

"हात वर ठेवण्याआधी एक ऐकून घ्या," त्या म्हणाल्या. नद्या शिकवताना असे, तोच आवाज होता. "फेब्रुवारीत तुम्ही ज्या पेटीसाठी प्रार्थना केलीत, तिच्यात माझी आई होती. ती मला बोलावत होती. मी शेजारच्या घरापर्यंत गेले आणि परत आले. मला त्यात देव कुठे दिसला नाही. तुमच्या आयांना हे माहीत असायला हवं. आज घरी जाऊन सांगा."

"सिस्टर, पुरे," मदर म्हणाल्या.

"झालंच, मदर."

"उद्यापासून तुम्ही धुणीघरात."

"हो, मदर."

मग एकेक हात खाली आला. ऊनाचा तेवढा वरच राहिला. सांगितल्याशिवाय हात खाली घ्यायचा नाही, ही शिस्त तिला याच वर्गात लागली होती. दुसऱ्या हाताने तिने कोपराला आधार दिला होता.

"सिस्टर," तिने विचारलं, "मी खाली घेऊ का?"

मदर बेनिग्नस बघत होत्या. सगळा वर्ग बघत होता.

"ते मला विचारू नकोस, ऊना," सिस्टर कोलमन म्हणाल्या.

ऊनाने मदरकडे पाहिलं, मग आत्याकडे. आणि कोणालाही न विचारता हात खाली घेतला.