शिवणीतलं जादा कापड

शिलाईच्या दुकानातल्या पडद्याआड उभं राहून मास्तरांनी पोट आत ओढलं, तरी पँटचं बटण काजापर्यंत पोचेना. याच पडद्याआड ते तीस वर्षं गिऱ्हाइकांना बजावत आले होते, "पोट आत ओढू नका. कापडाला खरं माप लागतं."

बाहेर बायको काजं करत होती. हल्ली सुईत दोरा तीच ओवून द्यायची. सकाळी मास्तरांचे हात थरथरायचे, आणि ते थांबवणारी बाटली चिंध्यांच्या पोत्यात असायची. तिला पोत्याचं ठाऊक नाही, असं ते धरून चालले होते.

सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या होत्या. दारूनं यकृत गेलंय, पोटात पाणी व्हायला लागेल, म्हणाले होते. बायकोनं चिठ्ठीचा विषय काढला की मास्तर पँटच्या कमरेत दोन बोटं सरकवून दाखवत.

"पाणी झालं असतं तर ही बसली असती का? तुझ्या डॉक्टरला टेप तरी धरता येते का?"

दुकानातली गिऱ्हाइकं हसत. बायको मान खाली घालून टाके घालत राही.

आज तो साक्षीदारच उलटला होता.

"अगं, पांढरी बटणं संपलीत. घेऊन येतेस?"

ती गेल्यावर मास्तरांनी कमरेला टॉवेल गुंडाळला, पँट उलटी केली आणि मागची शिवण उसवायला घेतली. आत चांगलं दोन इंच कापड राखलेलं होतं. स्वतःच राखलं होतं त्यांनी.

दोरा काळा निघाला. ते नेहमी राखाडी वापरत.

त्यांनी कापड उजेडात धरलं. टाक्यांच्या बारीक भोकांच्या दोन जुन्या रांगा दिसल्या. एक त्यांची. दुसरी पहिलीपासून बोटभर बाहेर, आणि हा काळा दोरा दुसरीच्याही बाहेर, अगदी काठाला. बोटं सरकवायला ती ढिलाई कुठून येत होती, ते आत्ता कळलं. त्यांचे कान तापले.

"बटणं डबाभर आहेत," दारातून ती म्हणाली. ती अर्ध्या वाटेतून परतली होती. मांडीवरची पँट तिनं पाहिली.

"कधीपासून?"

"मार्चात एकदा. मग मागच्या महिन्यात."

"बोलली नाहीस."

"बोलले की. तुम्ही पँट दाखवलीत."

मास्तर टॉवेलाची गाठ चाचपत राहिले.

"चारचौघांत शिंप्याचंच बटण उघडं दिसायला नको, म्हणून शिवण सोडली," ती म्हणाली. "सोडायला नको होती मी."

"अजून थोडी..."

"कापड संपलं."

तिनं त्यांच्या गळ्यातली टेप काढून घेतली. मास्तर उठले आणि गिऱ्हाइकासारखे हात वर करून उभे राहिले. बाह्या घसरल्या, काटक्यांसारखे दंड उघडे पडले. पायांच्या सुजेत मोज्यांचे वळ रुतले होते. तिनं पोटाभोवती टेप घेतली आणि थांबली.

"आत ओढू नका."

मास्तरांनी हळूहळू श्वास सोडला. टेप तिच्या बोटांतून सरकत राहिली.