बक्षिसाची टोपली

कॉम्प्युटर उघडला आणि संदेशने चहाच्या आधीच पहिली शिवी हासडली.

"आज किती?" त्याच्या बायकोने, राजश्रीने, चुलीपाशी बसूनच विचारलं.

"त्रेपन्न पत्रं. त्यात माणसाचं एक नाय. गुडघे बरे करतो, कर्ज देतो, बक्षीस लागलं, नंबर पाठवा..."

"मग पाठव. गुडघे तरी बरे होतील."

"तू गप बस गो!"

बावीस वर्षांपूर्वी संदेश जहाजावर इंजिनाचं तेलपाणी बघायचा. तेव्हा त्याने आणि जयगडच्या चार खलाशांनी मिळून ई-मेलचा एक गट काढला होता. नाव ठेवलं 'तुरेवाले'. एका पत्त्यावर पत्र टाकलं की ते सगळ्यांना पोचायचं. विषय एकच, तुऱ्याच्या बाजूने गाणारे धाकू शाहीर. शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात एका बाजूचा शाहीर सवाल टाकतो, दुसऱ्याने तिथल्या तिथे गाण्यातूनच त्याचं उत्तर द्यायचं. धाकू शाहिरांची उत्तरं ऐकायला लोक तीन-तीन गावं चालत जायचे. ती गाणी आठवून आठवून लोकांनी इथे लिहून काढली होती. शाहीर गेले, पुढे मोबाइल आले, बरेच जण तिकडे वळले. गटात उरली ती म्हातारी मंडळी आणि हा कचरा.

वैशाखात संदेशने वैतागून एक चाळण बसवली. 'कर्ज', 'लॉटरी', 'बक्षीस' यातला एक शब्द दिसला की पत्र परस्पर कचऱ्याच्या टोपलीत. टोपली तीस दिवसांनी आपोआप रिकामी. सुरुवातीला बरं वाटलं. मग कचरा करणारे शहाणे झाले. 'बक्षीस' हा शब्द मोडून, मध्ये ठिपके घालून लिहू लागले आणि चाळणीतून सुखाने आत येऊ लागले.

या सगळ्यात तो एकाच पत्राची वाट बघत होता.

तीस वर्षांपूर्वी केळशीच्या सामन्यात सवाल पडला होता, समुद्र आधी की किनारा आधी? धाकू शाहिरांनी उत्तर दिलं की नाही, यावर अजून भांडणं चालतात. समोरचा फड दरवर्षी हिणवतो, 'केळशीला मुका झाला.' येत्या रविवारी वेळणेश्वरला पुन्हा सामना होता आणि तुऱ्याच्या बाजूने उभी राहणार होती शाहिरांची मुलगी तुळसा. डोंबिवलीच्या बाबूकडे त्या रात्रीची कॅसेट आहे, असं त्यानेच दोन महिन्यांपूर्वी कळवलं होतं. "गाणं गटावर पाठवतो," म्हणाला होता. त्यानंतर गप्प.

संदेशचा पारा चढला. त्याने सगळ्या गटाला पत्र लिहिलं: 'शब्द देऊन तोंड लपवणाऱ्या बाबूचं नाव मी आज गटातून काढून टाकत आहे.' आणि काढलंच.

तासाभरात फोन वाजला.

"संदेश, मेल्या, तुला लाज हाय काय?" बाबू ओरडत होता. "तीन वेळा पाठवलं मी! कॅसेट उतरवून देणाऱ्या दुकानदाराकडून, त्याच्या पत्त्यावरून! तू पोच दिली नाहीस, मला वाटलं, साहेब झालास!"

"काय पाठवलंस? विषयात काय लिहिलंस?"

"कॅसेटवर लिहिलेलं तेच. 'बक्षीस'!"

संदेशने चाळणीतल्या शब्दांची यादी उघडली; तिसरा शब्द तोच होता.

सामना रंगला की लोक शाहिराला बक्षीस पाठवतात. शाहीर गाणं थांबवून देणाऱ्याचं नाव आणि गाव पुकारतो, मग पुढची ओळ घेतो. बाबूच्या वडिलांना गाण्याचं काही नव्हतं. आपलं नाव शाहिरांच्या तोंडून येईल, एवढ्यासाठीच त्यांनी त्या सवालावरचं गाणं टेप केलं आणि कॅसेटवर 'बक्षीस' लिहून ती कपाटात ठेवली.

"परत पाठव, बाबू."

"कुठून? पहिले दोन तुकडे पाठवले आणि टेप अडकली. पंधरा दिवसांनी तिसरा जेमतेम निघाला आणि ती तुटलीच. दुकान पण बंद झालं."

संदेशने टोपली उघडली. साडेचारशे पत्रं. पहिले दोन तुकडे गेलेले होते. तळाशी, एकोणतीस दिवसांचं, एक पत्र होतं: 'केळशी – बक्षीस – ३'. उद्या तेही गेलं असतं.

त्याने तुळसाला फोनवर सगळं सांगून बोलावून घेतलं. ती आली तीच रागाने. "मुलांना बाराखडी शिकवताना मी सांगते, अख्खा शब्द वाचा, पहिलं अक्षर बघून ठोकून देऊ नका. तुझ्या यंत्राला कोणी शिकवलं नाय वाटतं."

"यंत्राला मीच शिकवलं."

"मग तुला कोणी शिकवलं नाय."

त्याने तो तुकडा लावला. आधी नुसती खरखर, मग ढोलकी, मग धाकू शाहीर. त्यांनी बाबूच्या वडिलांचं नाव पुकारलं, गाव पुकारलं, दम घेतला आणि एकच ओळ आली:

'भरती जिथे थांबली गो, तिथेच दोघं जन्मले.'

लोकांचा गलका उठला आणि टेप संपली.

तुळसाने तीच ओळ पुन्हा लावायला सांगितली. मग पदराने नाक पुसून म्हणाली, "मुका झाला म्हणतात! तीस वर्षं! ऐक, किती माणसं ओरडलीत."

"वरचं कडवं गेलं, तुळसा. माझ्यामुळे."

"गेलं. त्याचा राग मी तुझ्यावर मरेपर्यंत धरणार. पण शेवट हाय ना? वरचं मी बांधते. बाबांचं म्हणून नाय गाणार, माझं म्हणून गाणार. शेवटची ओळ बाबांची, हे लोकांना सांगून गाणार. आणि हे असं दुसऱ्याचं कोणाचं टोपलीत जाऊन बसलंय काय, ते आधी बघ."

ती गेल्यावर संदेशने बाबूला गटात परत घेतलं, सगळ्यांना माफीचं पत्र लिहिलं आणि चाळणीतून 'बक्षीस' हा शब्द काढून टाकला. दुपारपर्यंत एकसष्ट पत्रं आली.

"जेवायला येतोस ना?" राजश्रीने विचारलं.

"थांब. अजून अठ्ठेचाळीस राहिलीत." दात-ओठ खात त्याने पुढचं पत्र उघडलं, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचलं आणि मगच पुसलं.