गोड्या विहिरीचा स्लॅब

माणसाले माणसाची शिसारी येते, हे मले ठेकेदारी करायले लागल्यावर कळलं. शेती करत होतो तोवर मले किळस यायची ती फक्त बैलाच्या जखमेतल्या किड्यायची. किडे बरे. ते निदान गोड बोलत नाहीत.

मी उकंडराव. आमचं गाव पूर्णा नदीपासून कोसभर, मलकापूरले जायच्या रस्त्यावर. महाराष्ट्र होऊन चार वर्षं झाली होती तवाची ही गोष्ट. गावच्या खरेदी-विक्री संघानं फाट्यावर आठ दुकानाचे गाळे बांधायले काढले. विटाच्या भिंती अन् वर सिमेंटचा स्लॅब. आमच्या इकडे तवर सारी मातीच्या धाब्याची घरं, नाहीतर टिनं. डोक्यावर सिमेंट घेऊन बसणारा माणूस गावात एक नव्हता.

संघाचे अध्यक्ष रामराव माह्या ओसरीवर आले. म्हणाले, "उकंडराव, काम तुमचं. तुमची भिंत आजवर कुठं फुगली नाही. स्लॅब तुम्हाले येत नाही, मलेही माहीत आहे. त्याचा माणूस तुम्हीच निवडा. पण उद्या काही झालं, तर लोक त्याले नाही विचारणार, तुम्हाले विचारतीन."

"हाव," मी म्हटलं.

"अन् तिसरा गाळा तुमच्या महादेवच्या नावानं ठेवला."

महादेव माह्यं एकुलतं एक पोरगं. त्याले बी-बियाण्याचं दुकान टाकायचं होतं. म्हणजे मी जो माणूस निवडीन, त्याच्या हातच्या स्लॅबखाली माह्यंच पोरगं दिवसभर बसणार होतं. माणूस पाहताना मी ही गोष्ट एक घडी विसरलो नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्हाले तसं वाटणार नाही.

पयला आला जानराव, खामगावकडचा. पांढरं धोतर, पायात करकर वाजणारा बूट, तोंडात पान. हातात पेढ्याचा पुडा. पुडा त्यानं माह्या मांडीवरच ठेवला, जसा काही मी सोयरीक पाहायले आलेला मामा. सिमेंट तवा परमिटवर मिळायचं. एकेका थैलीसाठी बुलडाण्याले खेटे घालायले लागत. हा मले हळूच म्हणतो, "दादा, परमिटातलं अर्धं सिमेंट आपण बाजूले काढू. गिट्टीवर राखेचा हात मारला का कोणाच्या बापाले समजत नाही."

अन् एवढं बोलून त्यानं पानाची पिंक टाकली ती माह्या रेतीच्या ढिगावर. नदीतून आणून, चाळून, बायायनं डोक्यावर वाहून रचलेली रेती ती. लाल फवारा उडाला तिच्यावर. मी पेढ्याचा पुडा त्याच्या हातात दिला अन् म्हटलं, "जा बाबू, घरी लेकरायले दे." त्या जागची दोन घमेली रेती मी स्वतः उचलून नालीत टाकली.

दुसऱ्याची गोष्ट सांगायच्या आधी आमच्या विहिरीचं सांगायले लागन.

आमच्या भागात जमिनीतलं पाणी खारं. गावात अकरा विहिरी, त्यातल्या दहा अशा का ढोरंही आधी हुंगतात, मंग नाइलाजानं तोंड घालतात. आमची एकटी गोड. माह्या आज्यानं खोदली. सारं गाव प्यायचं पाणी तिथूनच नेते. गोडी विहीर म्हणूनच तिचं नाव. आमच्या दारात पाहुणा आला का बोलणं नंतर, आधी गडवाभर पाणी. दुसऱ्या घरी सोनं असन, नाणं असन, आमच्या घरची इज्जत म्हणजे ते पाणी. गाळ्यायचं काम आमच्या घरासमोरच होतं, म्हणून सिमेंटात पाणी जाणार होतं तेही त्याच विहिरीचं. मी ते संघाले फुकट देऊ केलं होतं, अन् त्याचा मले लय अभिमान होता.

तर दुसरा आला इंद्रभान. पिंपळगाव राजाचा. कुठल्यातरी धरणावर सहा वर्षं काँक्रीटचं काम करून आलेला. सुकलेला, काळा, हाताले सिमेंटानं भेगा पडलेल्या. रामराम घातला अन् बसलाच नाही. सरळ रेतीपाशी गेला, मूठभर हातावर चोळली, हात झटकून तळवा पाह्यला. गिट्टीचा एक दगड दुसऱ्यावर आपटला. गज वाकवून पाह्यला. मले माणूस आवडला. मनात म्हटलं, हाच.

मंग तो ओसरीवर आला. माह्यी सून गीता गडवा घेऊन आली. सोनाळ्याची पोरगी, सातपुड्याच्या पायथ्याची. लग्नाले वर्ष झालं नव्हतं. इंद्रभाननं गडवा घेतला, तोंड लावलं, चूळ भरावी तसं पाणी तोंडात फिरवलं, अन् ओसरीवरून खाली थुंकला.

माह्या दारात. माह्या आज्याच्या विहिरीचं पाणी.

"हे पाणी चालणार नाही," तो म्हणे. "खारं आहे. सिमेंटात गेलं तर गज खाऊन टाकीन. नदीच्या धारेचं पाणी पिंपानं आणा. गाड्या मी लावतो. आठ दिवस जास्त लागतीन."

मी त्याच्याकडे पाह्यलं तर त्याच्या मिशीले अजून थेंब लागलेले. मले त्या थेंबायचीच घाण वाटली. सारं गाव जे पाणी पिऊन जगते, ते या माणसाले पिकदाणीत टाकायच्या लायकीचं वाटते. तिकडं दाराआड गीता पदर तोंडाले लावून उभी. मले वाटलं हसून राह्यली. मंग तर माह्यं डोस्कंच फिरलं.

"या घरच्या पाण्याले जो नाव ठेवते," मी म्हटलं, आवाज चढवूनच म्हटलं, "त्यानं या घराची पायरी चढू नये. मंग तो बाहेरचा असो का घरातला."

गीता आत गेली. इंद्रभाननं गडवा खाली ठेवला, अर्धा भरलेलाच. "मी घराच्या पाण्याले काही म्हणलो नाही, दादा. सिमेंटाच्या पाण्याले म्हणलो," एवढं बोलला अन् वहाणा घालून चालता झाला. अर्ध्या रस्त्यावरून मागं वळून पाहीन म्हणून मी उभा होतो. नाही पाह्यलं त्यानं.

तिसरा निवृत्ती. हा मलकापुरातच राहायचा. जाड, गुटगुटीत, बोलणं लोण्यासारखं. गीतानं दिलेला गडवा त्यानं एका दमात रिकामा केला. दुसरा मागितला, तोही पिला, ढेकर दिली अन् म्हणाला, "वाऽ उकंडराव. काय गोडी आहे. असं पाणी आमच्या मलकापुरात पैसे टाकून मिळत नाही. या पाण्यात कालवलेला स्लॅब नातवाच्या नातवाले पुरतो."

मी त्याच्या रेतीच्या, गिट्टीच्या गोष्टी नीट ऐकल्याच नाहीत. माह्या आज्याची विहीर तो ओळखून गेला, बस्स. मी त्याले तिथंच होय म्हटलं. वर जेवायले बसवलं. त्यानं चार भाकरी खाल्ल्या, अन् मी त्याच्या ताटात तूप वाढत होतो.

स्लॅब टाकला त्या दिवशी सारं गाव पाहायले जमलं. बाया घमेली घेऊन रांगेनं शिडीवर, विहिरीवर राहाट सारखा चालू. एक गोष्ट मी त्या दिवशी डोळ्यानं पाह्यली. निवृत्तीच्या टोळीतल्या बायायनं स्वतःचे दोन माठ गाडीवर आणले होते, नदीचं पाणी भरून. मी एकीले विचारलं, "काऊन व, आमची विहीर समोर असताना?" ती म्हणे, "सवय आहे बापा, पोट बिघडते." निवृत्तीही त्या दिवशी पाणी नाही पिला. चहा मागवत होता. मले काही वाटलं नाही. मी फेटा बांधून मिरवत होतो. गाळ्याच्या दर्शनी भिंतीत संघानं दगड बसवला, त्याच्यावर कोरलं: बांधणारा, उकंडराव. तो दगड मी रोज फडक्यानं पुसायचो. आता आठवलं का मलेच माह्यी लाज वाटते.

चार पावसाळे बरे गेले. पाचव्याले आतून पांढरी बुरशीसारखी फुलं आली स्लॅबवर. मी चुना मारला. सहाव्याले गजाच्या रेषेरेषेनं चिरा गेल्या, तांबडं पाणी उतरलं. निवृत्तीले निरोप पाठवले, तर तो नाशकाकडं कुठं निघून गेला होता. मी चिरा सिमेंटानं बुजवल्या. लोक विचारत, मी म्हणायचो, "ऊन-पावसाचं आहे, होते असं." हे खोटं बोलताना माह्या तोंडाले कशी चव येत होती ते मले माहीत आहे, अन् तरी मी बोलत होतो. निवृत्तीत अन् माह्यात तवा काय फरक होता, सांगा.

सातव्या वर्षी, दसऱ्याच्या आधी, भर दुपारी तिसऱ्या गाळ्यात घमेल्याएवढं सिमेंटाचं ढपलं खाली आलं. महादेव गिऱ्हाइकाले हरभरा मोजून देत होता. डोक्यावर आलं असतं तर संपलंच होतं. खांद्यावर बसलं. हाड मोडलं. अकोल्याले नेलं, जोडलं, पण त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. सदरा घालायले त्याले गीता लागते.

संघानं इंद्रभानले बोलावून आणलं. मी म्हटलं होतं नको, पण रामराव ऐकले नाहीत. तो आणखी सुकला होता. त्यानं शिडी लावली, उघडा पडलेला गज बोटानं चोळला. गजाचे पदर सुटून हातात आले, कांद्याचे सुटतात तसे. बोटाएवढा गज काडीएवढा राह्यला होता. त्यानं ढपल्याचा एक तुकडा जिभेले लावला अन् थुंकला. अगदी तसाच, त्या दिवशीसारखा.

मी वाट पाहत होतो का आता हा बोलीन. चार लोकायसमोर माह्यं नाव काढीन. त्याचा हक्क होता. तो रामरावले एवढंच म्हणाला, "आठही स्लॅब उतरवा. कोणाले आत बसू देऊ नका."

खाली उतरल्यावर मी त्याच्या हातातला तुकडा घेतला अन् जिभेले लावला. मले काहीच लागलं नाही. माती लागली. मी पुन्हा लावला. इंद्रभान माह्याकडे पाहत होता. त्याच्या तोंडावर राग नव्हता, मले राग चालला असता. त्याले माह्यी कीव येत होती.

घरी आलो. महादेव खाटेवर पडलेला, खांदा बांधलेला. गीता चुलीपाशी. मी दारातच विचारलं, "गीते, आपल्या विहिरीचं पाणी कसं आहे?"

ती उठून उभी राह्यली.

"खरं सांग. मी काही म्हणणार नाही."

"खारं आहे, मामाजी," ती म्हणाली. "बाकीच्यायपेक्षा कमी. पण खारं आहे. मी आली त्या दिवसापासून."

"मंग सात वर्षं बोलली काऊन नाही?"

तिनं आधी महादेवकडे पाह्यलं. त्याच्या बांधलेल्या खांद्याकडे. मंग खाली मान घालून म्हणाली, "तो माणूस थुंकला तवा मी सांगणारच होती. पदर लावून तेच जुळवत होती, सासऱ्याले कसं सांगावं म्हणून. तुम्ही म्हणले, या पाण्याले नाव ठेवणाऱ्यानं या घराची पायरी चढू नये, घरातला असो का बाहेरचा." मंग मान वर करून म्हणाली, "मी कुठं जाणार होती, मामाजी?"

महादेवनं भिंतीकडं तोंड केलं. त्याले तिचं बोलणं आजच कळलं का आधीच ठाऊक होतं, हे मी विचारलं नाही. माह्यी हिंमत झाली नाही.

कोपऱ्यात तिची पितळी कळशी होती. माहेराहून येताना दर वेळी ती सोनाळ्याचं पाणी भरून आणायची, एसटीत मांडीवर घेऊन; माहेरचं कोणी आलं तरी तेच आणायचं. पोरीले माहेराची ओढ, म्हणून मी हसायचो. तिच्या हातची डाळ मऊ शिजते म्हणून पाहुण्यायले कौतुकानं सांगायचो. ती डाळ आमच्या खाऱ्या पाण्यात नाही, त्या पाण्यात शिजत होती, हे त्या दिवशी माह्या डोस्क्यात शिरलं.

"दे त्यातलं," मी म्हटलं.

तिनं गडवा भरून दिला. मी मोठा घोट घेतला. मले ते पाणी फिकं लागलं. अळणी, बेचव, जसं काही उरलंसुरलं भांडं विसळून दिलं. साठ वर्षं मीठ पिऊन माह्यी जीभच मेली होती. अन् त्याच जिभेनं मी माणूस निवडला होता, माह्या पोराच्या डोक्यावर.

गीता माह्या तोंडाकडे पाहत होती. पाणी तोंडात तसंच होतं, अन् मले ते दारात जाऊन थुंकावंसं वाटत होतं. मी गिळलं. मंग उरलेला गडवा तिच्यासमोर पुरा पिला.